आम्ही छत्तीसपर्यंत मोजलं

तो गेलेला नाही, जिवंत आहे, हे वाक्य त्या आठवड्यात मी इतक्या वेळा टाइप केलं की पहिला शब्द लिहिताच फोन पुढचं आपणच सुचवायला लागला. आमच्या फुटबॉल क्लबच्या पाठीराख्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. शनिवारी दुपारी आमचा अकरा नंबरचा पोरगा मैदानात कोसळला आणि रविवारी सकाळी ग्रुपवर त्याचा फोटो आला. भोवती काळी चौकट, खाली मेणबत्ती, वर दोन पांढरी कबुतरं. पोरगा तेव्हा आयसीयूत होता. श्वास नळीतून चालला होता, पण चालला होता. मी लिहिलं, "अरे, जिवंत आहे तो!" चौकट टाकणाऱ्याने "सॉरी अक्का" म्हणून नवा फोटो टाकला. चौकट आणि मेणबत्ती गेली होती. कबुतरं तशीच होती.

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकते. मी शेहेचाळीस वर्षांची बाई आहे, बसवनगुडीत विम्याच्या कचेरीत फाइली तपासते, आणि शनिवारी दुपारी मैदानात जाऊन तमटे बडवते. तमटे म्हणजे गळ्यात अडकवून दोन काठ्यांनी वाजवायचं चपटं चामड्याचं वाद्य. महाराष्ट्रात त्याला हलगी म्हणतात. आमचं घराणं बंगळुरात कित्येक पिढ्यांचं. घरातलं आमचं मराठी ऐकून पुण्याची माणसं हसू दाबतात, आणि बाहेर आम्ही कन्नडच बोलतो. मी नऊ वर्षांची असताना माझा मोठा भाऊ, अण्णा, मला पहिल्यांदा मैदानात घेऊन गेला. तेव्हापासून हा क्लब माझ्या गळ्यात पडला तो पडलाच. क्लब लहान. खालच्या विभागात खेळतो. एका बाजूला सिमेंटच्या पायऱ्या, त्यावर आम्ही शे-दीडशे माणसं, आणि समोरच्या बाजूला नुसती जाळी आणि तिच्यापलीकडे गुलमोहर.

आमच्यात एक पद्धत होती. आपण पुढे असताना शेवटच्या वीस मिनिटांत आपला कुणी खेळाडू खाली पडला, की त्याने जरा पडूनच राहावं, वेळ जावा, ही सगळ्यांची इच्छा असते. कुठल्याही देशातल्या प्रेक्षकाची असते. आम्ही त्या इच्छेला ताल दिला होता. मी तमट्यावर संथ ठेका धरायची, अण्णा पायरीवर उभा राहून कन्नडमध्ये मोजायचा, ओंदु, एरडु, मूरु, आणि सगळे त्याच्यामागे ओरडायचे. खेळाडू उठला की शेवटच्या आकड्याला टाळ्या. आमचा उच्चांक एकतीस होता, एका जाड्या बचावपटूने बुटाची नाडी बांधण्यात घालवलेला. समोरच्या संघाची माणसं चिडायची. ती चिडली की आम्हाला आणखी चेव यायचा.

अकरा नंबर आमच्याकडे आला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता. बेळगावकडचा, मराठी बोलणारा. वडील दहा-बारा वर्षांपूर्वी कामासाठी इकडे आलेले, यशवंतपूरला एका कारखान्यात लेथवर. पहिल्याच सामन्यानंतर कुंपणाशी येऊन मला म्हणाला, "अक्का, तुमची हलगी लई भारी. आमच्यात जत्रेला असली वाजते." मैदानात माझ्याशी मराठीत त्याआधी कधी कुणी बोललं नव्हतं. त्या दिवसापासून तो माझा. डाव्या कडेने पळत सुटला की माझ्या काठ्या आपोआप जोरात पडायच्या. इतका वेग आणि इतका निष्पाप चेहरा असलेला खेळाडू आम्हाला कित्येक वर्षांत मिळाला नव्हता.

आणि तो नाटक्यासुद्धा निघाला, असं आम्हाला वाटलं. त्या मोसमात दोन सामन्यांत आम्ही एका गोलने पुढे असताना तो मध्येच मटकन खाली बसला. कुणी धक्का दिला नव्हता, चेंडू जवळपास नव्हता. गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून बसला. मी ठेका धरला, अण्णा मोजायला लागला. पहिल्या वेळी बारा, दुसऱ्या वेळी एकोणीस. दोन्ही वेळा त्याने मान वर केली, आमच्याकडे बघून हात हलवला आणि उठला. पायऱ्या नुसत्या दणाणल्या. अण्णा म्हणाला, "बघ, किती लवकर शिकला. रक्तातच आहे." मलाही फार अभिमान वाटला होता, खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या वेळी आम्ही एक-शून्य पुढे होतो आणि जेमतेम पंधरा मिनिटं उरली होती. चेंडू आमच्या बाजूच्या कोपऱ्यात होता, सगळे डोळे तिकडे, पंचांची पाठ पलीकडे. अकरा नंबर समोरच्या जाळीजवळ एकटाच होता. तो आडवा झाला. या वेळी बसला नाही, सरळ आडवा झाला. हे आज मी किती सहज लिहिते आहे! तेव्हा मला त्यात सरावाने आलेली सफाई दिसली. मी काठ्या उचलल्या.

ओंदु, एरडु, मूरु. दहाच्या आसपास समोरच्या संघाचा त्या बाजूचा बचावपटू त्याच्याजवळ गेला, वाकला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवायला लागला. आम्हाला वाटलं, हा चिडला, पंचांकडे तक्रार करतो आहे. आम्ही त्याची हुर्यो उडवली. तो ओरडत होता. त्याचं तोंड उघडं दिसत होतं, आवाज येत नव्हता, कारण आवाज आमचा होता. एकतीस आला तेव्हा आम्ही जल्लोष केला. उच्चांक मोडला होता. अण्णाने तर मुठी वर केल्या. मूवत्तारु म्हणजे छत्तीस. छत्तीसला तो बचावपटू पळत जाऊन पंचांचा दंड ओढत त्यांना वळवताना मला दिसला आणि माझ्या काठ्या थांबल्या.

पुढचं मी थोडक्यात सांगते. शिट्टी वाजली, आमचा फिजिओ पळत गेला, त्याने छाती दाबायला सुरुवात केली. फाटकाशी रुग्णवाहिका होती, ती आत आली. सगळे खेळाडू पाठ करून गोल करून उभे राहिले, म्हणजे आम्हाला दिसू नये. एवढ्या शांततेत त्या पायऱ्यांवर मी कधी बसले नव्हते. शेजारचा माणूस मला विचारत होता, "येनायतु अक्का, येनायतु?" म्हणजे काय झालं, काय झालं. माझ्या डोक्यात तो आकडा बसला होता. ज्याचं हृदय बंद पडलं आहे अशा मुलासाठी किती वेळ वाया गेला, हे जगात दुसऱ्या कुणाला नेमकं ठाऊक नसतं. आम्हाला होतं. आम्ही ओरडून मोजलं होतं.

दवाखान्यात पहिले चार दिवस आम्ही पाळीपाळीने गेलो. गेलो म्हणजे काय, खालच्या मजल्यावर क्लबच्या जर्सी घालून उभे राहिलो. वर फक्त दोघांना सोडत होते आणि ते दोघे आईवडील होते. आमच्यातल्या काहींनी तिथे उभ्या उभ्या फोटो काढले आणि ग्रुपवर टाकले. रखवालदाराने दोनदा हाकललं, ते बरोबरच केलं. पाचव्या दिवशी कळलं, शुद्धीवर आलाय. पंधराव्या दिवशी कळलं, छातीत यंत्र बसवलं आहे, मेंदूला मध्ये काही वेळ रक्त पोचलं नव्हतं, त्यामुळे उजवा हात नीट चालत नाही आणि बोलणं अडखळतं. खेळणं संपलं. ग्रुपवर लोकांनी खूप रडकी तोंडं पाठवली. ती खरी होती, त्याबद्दल मला शंका नाही. मोठमोठी माणसं ओक्साबोक्शी रडली. एकाने आठवडाभर दाढी केली नाही.

पण त्या मोजणीबद्दल एक अक्षर कुणी काढेना. कुणीतरी त्या सामन्याची चित्रफीत टाकली होती, तिचा मूळ आवाज काढून त्यावर सतार घातली होती. मी ती बघितली आणि फोन आपटला. काचेला तडा गेला, तो अजून आहे. मग त्याच्यासाठी करायच्या बॅनरवरून भांडण सुरू झालं. मजकूर कन्नडमध्ये हवा की इंग्रजीत, हृदयाचं चित्र लाल हवं की क्लबच्या रंगाचं. पुढच्या सामन्याआधी एक मिनिट स्तब्ध उभं राहू, असं एकाने सुचवलं. मी पुन्हा लिहिलं की तो जिवंत आहे. मग स्तब्धता रद्द होऊन अकराव्या मिनिटाला टाळ्या वाजवायचं ठरलं. टाळ्या वाजल्या. आणि चौथ्या सामन्यात आम्ही पुढे असताना आमचा गोलकीपर पडला, तेव्हा मागच्या पायरीवरून कुणीतरी सवयीने म्हणालं, "ओंदु." दहा-बारा जणांनी "एरडु" म्हटलं. मी उठून अशी काही ओरडले की बायका-पोरांनी कानावर हात ठेवले. तमटे तेव्हा माझ्याजवळ नव्हतंच. ते मी घरी माळ्यावर टाकलं होतं.

मला एकच गोष्ट करायची होती. त्याच्यासमोर जाऊन सांगायचं होतं की तू पडलास तेव्हा ठेका मी धरला होता. तू नाटक करतोयस असं मला वाटलं. माफ कर किंवा करू नकोस, पण हे तुला माझ्याकडून कळू दे. यासाठी मी चार महिने अण्णाच्या मागे लागले, कारण मोजणारा तो होता आणि जायचं तर दोघांनी जायला हवं होतं.

अण्णा बँकेतून निवृत्त झालेला, शांत माणूस. जयनगरच्या बाजारात वांगी निवडतो तसं तो प्रत्येक वाक्य निवडून बोलतो. तो म्हणाला, "सांगून त्या पोराला काय मिळणार?"

"त्याला खरं कळेल."

"त्याला स्वल्प बरं वाटू दे आधी. आणि हे त्याच्यासाठी करतेयस की तुझ्या झोपेसाठी?"

"माझ्या झोपेसाठीसुद्धा," मी म्हटलं. "का, तुला झोप येते?"

"सरी, बिडु," म्हणजे ठीक आहे, सोड आता, असं म्हणून त्याने वर्तमानपत्र उघडलं. हे त्याचं "सरी, बिडु" मी लहानपणापासून ऐकत आले आहे आणि दर वेळी मला ते वर्तमानपत्र फाडावंसं वाटलेलं आहे. शेवटी मी म्हटलं, तू ये किंवा नको येऊस, मी शनिवारी जाणार. शनिवारी सकाळी तो इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभा होता. हातात पिशवी होती. ग्रुपने अकरा नंबरची जर्सी शिवून घेतली होती, तिच्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. बॅनरऐवजी शेवटी हे झालं होतं.

बसवनगुडीहून यशवंतपूरला मेट्रो सरळ जाते. घाऊक बाजाराच्या मागच्या गल्लीत, कांद्याच्या लॉऱ्यांमधून अंग चोरत आम्ही त्यांचं घर शोधलं. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. आई गार्मेंटच्या कारखान्यात कामाला गेली होती. वडिलांची दुसरी पाळी, म्हणून ते घरी होते. पन्नाशीचे, बारीक, बोटांच्या टोकांना तेलाचा काळेपणा मुरलेला. "या की, बसा की वो," म्हणाले आणि आमच्यासाठी खुर्च्या पुसल्या.

पोरगा पलंगावर भिंतीला टेकून बसला होता. समोर पाटावर एक जुना शर्ट पसरला होता आणि उजव्या हाताने त्याची बटणं लावायचा सराव चालू होता. दोन लागली होती. मला बघून हसला. हसू तेच होतं, जरा एका बाजूला ओढलेलं. "अक्का," म्हणाला आणि पुढचा शब्द यायला वेळ लागला. "हलगी... आणली न्हाई?"

अण्णाने घाईघाईने जर्सी काढून दिली. त्याने सह्या एकेक करून बघितल्या, मग घडी घालायचा प्रयत्न केला, ती घडी वडिलांनी पुरी केली.

वडिलांनी चहा केला. चहा देता देता ते बोलायला लागले, कुणीही आलं की बोलत असावेत तसं. नातेवाईक काय काय म्हणाले ते सांगितलं. कुणी म्हणालं पोराला ताकदीबाहेर पळवलं, कुणी म्हणालं खायला धड घातलं नाही, कुणी म्हणालं शिकायच्या वयात खेळू कशाला दिलं. "मी डॉक्टरला सरळ विचारलं," ते म्हणाले. "साहेब, माझं काय चुकलं? डॉक्टर म्हणाले, न्हाई, ह्यो आजार कवा कवा आधी कायबी सांगत न्हाई. एकदम येतोय. कुणालाच काय करता आलं नसतं. आता मी समद्यांना त्येच सांगतोय. कुणालाच काय करता आलं नसतं." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जी हलकी निवांतता आली ती मला दिसली होती. अण्णालाही दिसली. त्याने माझ्या कोपराला हात लावला. याचा अर्थ मला पक्का कळत होता. आता नको, किंवा यांच्यासमोर नको.

पण चार महिने मी तेच घोकत आले होते. मी बोललेच. पोराकडे बघून सांगितलं की तू पडलास तेव्हा ठेका माझा होता. आम्हाला वाटलं, आधीच्या दोन सामन्यांसारखा तू वेळ काढतोयस. आम्ही छत्तीसपर्यंत मोजलं आणि मग थांबलो. तो बचावपटू ओरडत होता ते आमच्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही. एवढं बोलून मी रडले. मला हलकं वाटलं, हेही सांगते, कारण ते तसं वाटलं, मोजून चार-पाच क्षण.

पोरगा माझ्याकडे बघत होता. रागावला नव्हता. उलट मला धीर द्यावा असा त्याचा चेहरा झाला. शब्द जुळवायला त्याला वेळ लागत होता.

"अक्का, तुमची चूक न्हाई," तो म्हणाला. "आदल्या दोन येळेला पण... मी नाटक करत नव्हतो. डोळ्यापुढं अंधारी आलती. छातीत धडधडत होतं. म्हणून बसलो. तुम्ही वाजवायला लागला. समदे हसायलते. मग मी पण... हात केला."

हे तो माझी समजूत काढण्यासाठी बोलत होता. त्याला वाटलं, यामुळे माझं वजन कमी होईल.

वडिलांच्या हातात रिकामे कप होते. ते तसेच उभे राहिले. "कवा?" त्यांनी विचारलं. "कवा आलती अंधारी?"

पोराच्या लक्षात आलं. त्याने पाटावरच्या शर्टाकडे बघितलं. "सांगितलं असतं तर... तुम्ही खेळू दिलं नसतं."

"न्हाईच दिलं असतं," वडील म्हणाले.

त्यांनी कप खाली ठेवले आणि माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसले. चहा देताना जी निवांतता मी त्यांच्या चेहऱ्यावर बघितली होती, ती आता नव्हती. ती मीच काढून घेतली होती, त्यांच्या घरात बसून, त्यांचा चहा पिऊन.

"दोनदा बसला व्हता?" त्यांनी मला विचारलं.

"होय," मी म्हटलं.

"तुम्हाला दिसलं?"

"दिसलं."

"समद्यांना?"

"सगळ्यांना."

त्यांनी मान हलवली. आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं, मला भांडता येतं. "मी एकपण मॅच बघितली न्हाई वो," ते म्हणाले. "शनिवारी माझी पाळी असते. हिलापण सुट्टी न्हाई. मी हिला म्हणायचो, आपल्याला जमंना तर जमंना. एवढी माणसं हायत की त्येच्याकडं बघायला."